८×४२ की १०×४२? मध्यम बजेटमध्ये शिकारीसाठी कुठली दुर्बीण

दोन्हीची पुढची काच ४२ मिमीचीच, फरक फक्त झूमचा, म्हणजे ८ पट मोठं दिसतं की १० पट, आणि बहुतेक लोक १० चा आकडा बघूनच भुलतात. पण ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिमी येतं आणि १० ने भागलं तर ४.२, म्हणजे डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा गोल ८ वाल्यात मोठा, आणि जनावर हलतं ते नेमकं पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, तेव्हा झाडाच्या सावलीत उभं हरीण ८ मधून जास्त उजळ दिसतं. शिवाय हात थरथरला की १० मध्ये ते जास्त जाणवतं, चढ चढून धाप लागलेली असेल तर विचारूच नका.

१० घ्यायची ती मोकळ्या माळावर किंवा डोंगरउतारावर लांबचं बघायचं असेल तर, तिथे शिंगं नीट मोजता येतात, फक्त ट्रायपॉड लावा.

दाट जंगलात मात्र डोळे झाकून ८ घ्या. आणि कुठलीही घेतलीत तरी फुली मल्टीकोटेड काचा (प्रकाश वाया जाऊ नये म्हणून सगळ्या काचांवर दिलेले अनेक थर), फेज कोटिंग (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून आतल्या प्रिझमवर दिलेला थर) आणि वॉटरप्रूफ बॉडी यात अजिबात तडजोड करू नका, पैसे तिथेच घाला.