दीड फूट चढ आणि वरच्या मजल्यावरची मराठी : आठ महिन्यांचा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका वाचनालयाची मी जूनपासून सभासद आहे. नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत आणि मला तिथे पुन्हा जायचंय. मी व्हीलचेअरवर असते. दुरुस्तीत रॅम्प झाल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात वर्गणी भरली.

आधी रॅम्पच. दारात तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट चढ. नियम १:१२ चा, म्हणजे फूटभर चढाला बारा फूट लांबी. त्या हिशेबाने उतार अठरा फूट हवा. भाच्याला टेप धरायला लावली, तर साडेअकरा भरला. चढताना पुढची चाकं हवेत, उतरताना तळहात भाजतात. त्यात गुळगुळीत फरशी आणि पावसाळा! "भाई, जरा हाथ आपजो ने" म्हणत तीन महिने काढले. मग तक्रारवहीत लिहिलं, तर आठवड्यात खरखरीत पट्ट्या बसल्या. चढ तेवढाच आहे, पण आता घसरत नाही.

स्वच्छतागृह मोठं, भिंतीचा दांडाही पक्का. पण दार आत उघडतं, त्यामुळे खुर्ची आत घेतली की ते लागतच नाही. सप्टेंबरात तर आत गणपतीचं मखर ठेवलेलं. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. आता मी घरून निघताना पाणी पीत नाही.

कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे. फुकट मिळणारा हा प्रोग्राम स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतो. एक अंध मुलगा रोज त्यावर परीक्षेचा अभ्यास करतो. मी एकदा भाषा बदलून मराठी ऐकलं. आवाज रोबोटचा, पण जोडाक्षरं बरी म्हणतो.

खरं दुखणं वेगळंच. मराठी पुस्तकं वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयं उभी केली, तेव्हा याच बडोद्यातून पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत जायच्या. इथे एक जिना उतरायला पुस्तकांना पाच महिने लागले. तोवर चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि ग्रंथपालभाऊ पुस्तक आणून देणार. कधी कंटाळले नाहीत, हे खरं. पण चिठ्ठी लिहायला नाव आधी ठाऊक असावं लागतं. काही न ठरवता कपाटापुढे रेंगाळायचं, एखादं जाडजूड काढून मधलंच पान वाचायचं, ते चिठ्ठीवर कसं मागणार? मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

दिवाळीनंतर त्यांनी पुस्तकं मांडायचा एक घोडा खाली आणला. त्यावर साठेक मराठी पुस्तकं असतात, महिन्याला बदलतात. पहिल्या दिवशी मी तासभर तिथेच होते आणि शेवटी एकही पुस्तक न घेता घरी आले. इतकं बरं वाटलं!

मधल्या दोन खणांपर्यंत हात पोचतो. दिवाळी अंक सगळ्यात वर लावलेत. उद्या सांगते त्यांना.