माझी सही, आणि मी कधीच न बघितलेली मुलं

मी स्पीच थेरपिस्ट आहे, बीएएसएलपी (बोलणं आणि ऐकणं यांच्या उपचारांची पदवी) करून ९ वर्षं झाली. आधी साताऱ्यात एका ईएनटी डॉक्टरांकडे बसायचे, मुलगी झाल्यावर ते सोडलं आणि घरून ऑनलाइन सेशन घ्यायला लागले, पहिली ते चौथीची मुलं, घरात मराठी बोलणारी. माझ्या नावावर काही पालक फसले आहेत, आणि ते नाव मीच एका कंपनीच्या हातात दिलं होतं, म्हणून हे लिहितीये. पालकांनीही वाचा आणि नवीन पास झालेल्या थेरपिस्ट मुलींनी तर नक्कीच वाचा.

त्या कंपनीचा मेसेज आला, आमच्याकडे मराठी थेरपिस्ट नाहीत, मुलं आम्ही आणून देऊ, तुम्ही फक्त सेशन घ्या, ४० मिनिटांचे २५० रुपये. पालकांकडून ते ९०० घ्यायचे हे मला फार नंतर कळलं. जॉइन होताना डिग्री मागितली, आरसीआयचं, म्हणजे आमची नोंदणी करणाऱ्या सरकारी परिषदेचं, सर्टिफिकेट मागितलं, आणि कोऱ्या कागदावर केलेल्या सहीचा स्कॅन मागितला, मागचा पांढरा रंग काढून. म्हणे मॅम, रिपोर्टवर सही आपोआप येईल, तुमचा वेळ वाचेल. घरात सव्वा वर्षाची पोर, मला ते सोयीचंच वाटलं. अ‍ॅग्रीमेंट १४ पानांचं होतं, मी पैशाचं पान वाचलं आणि बाकीचं खाली सरकवत नेऊन ओके केलं.

पहिले २ महिने पैसे अगदी ७ तारखेला यायचे. कामही मनासारखं होतं. एक दुसरीतला मुलगा होता, 'क' च्या जागी 'ट' म्हणायचा, काकाला टाटा, काकडीला टाटडी, वर्गात मुलं चिडवायची म्हणून हात वर करणंच बंद केलेलं. त्याला आधी उभं राहून गुळणी करायला लावली, मग पाणी न घेता नुसता तसाच आवाज. मग आईला सांगितलं सतरंजीवर उताणं झोपवा आणि मोबाइल वरून धरून टॉर्च लावा, कारण उताणं झोपलं की जीभ आपसूक मागे पडते आणि मला इकडे स्क्रीनवर नीट दिसतं ती कुठे टेकतीये. तिसऱ्या आठवड्यात 'क' निघाला, नुसता एकटा. मग का, की, कू, मग शब्दाच्या सुरुवातीला, मग मधे, मग शेवटी, मग वाक्यात. प्रत्येक वेळी १० पैकी किती बरोबर आले ते वहीत. ऑनलाइन थेरपी खोटी असते असं माझं म्हणणं अजिबात नाही, शेजारी आई किंवा बाबा बसले, इअरफोन आणि उजेड बरा असला, तर उच्चारांचं काम ऑनलाइन छान होतं.

कंपनीच्या चित्रांच्या कार्डात 'ळ' चं एकही कार्ड नव्हतं. सगळं मटेरियल इंग्रजीवरून हिंदीत आणि तिथून मराठीत आलेलं. मी स्वतः बसून केली, बाळ, केळं, फळा, शाळा, मावळा. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं की यांच्याकडे मराठी मुलाची तपासणी नेमकी करतंय कोण.

तिसऱ्या महिन्यापासून पेमेंट लांबायला लागलं. आधी ४५ दिवस होल्ड, मग 'क्वालिटी' च्या नावाखाली कपात. मी भांडत होते पण सेशन सोडवत नव्हते, मुलं अर्ध्यावर कशी टाकायची?

आणि मग उदगीरहून फोन आला. त्या ताईंनी माझं नाव शोधून जुन्या क्लिनिककडून नंबर काढला होता. "मॅडम, तुमीच का त्या? तुमच्या सहीचा कागद हाय माझ्याकडं. ५४ हजार भरलेत, सहा महिने झाले, लेकरू हाय तसंच बोलायलंय, आन आता ते आणखी आठ महिने लागतील म्हणायलेत." मी म्हटलं ताई, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय, मी या नावाच्या मुलाला कधी बघितलेलंच नाही. त्यांनी रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली माझं नाव, माझा सीआरआर नंबर (आरसीआयचा नोंदणी नंबर), माझी सही. तीच सही, ज्यात घाईत आडनावाची शेवटची रेघ जरा वाकडी गेली होती.

रिपोर्ट वाचून माझे हातपाय गार पडले. पहिलीतलं मूल, उदगीरमधलं, घरात फक्त मराठी, आणि रिपोर्टमध्ये लिहिलंय की याला इंग्रजी 'थिंक' मधला 'थ' जमत नाही आणि 'झेड' जमत नाही. परदेशातल्या कुठल्यातरी मुलाचा रिपोर्ट उचलून वर नाव बदललेलं. 'ळ', 'ण', 'र' तपासल्याचा एक शब्द नाही. आणि एक ओळ, श्रवणक्षमता सामान्य. कानाची टेस्ट झालीच नव्हती! त्यांना विचारलं, टीव्हीचा आवाज वाढवतो का, मागून हाक मारली तर वळतो का, सारखं "काय?" म्हणतो का. तिन्हीला हो. सर्दी कायम. म्हटलं उद्याच्या उद्या लातूरला ईएनटीकडे जा आणि ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते) आणि इम्पिडन्स (कानाच्या पडद्यामागे काय आहे ते) दोन्ही टेस्ट करा. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. लहान मुलांत हे पुष्कळ होतं आणि यावर इलाज आहे, पण ज्याला आवाज धड ऐकूच येत नाही त्याच्याकडून सहा महिने तो आवाज घोकून घेणं, काय म्हणायचं याला. सेशन घेणारी मुलगी बारावीनंतर तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेली होती. ती त्याला शिट्ट्या आणि फुंकण्या वाजवायला लावायची, त्याचं किट वेगळं ३,५०० रुपयांना विकलेलं. फुंकर मारून उच्चार सुधारत नाही. उच्चार उच्चारानेच सुधारतो.

त्या ताई पालकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होत्या. तिथे विचारलं तर माझ्या सहीचे ११ रिपोर्ट निघाले. त्यातली २ मुलं माझ्याकडे सेशनला येणारी. ९ मी कधी बघितलेलीच नाहीत.

कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, अ‍ॅग्रीमेंटच्या अकराव्या पानावर तुम्ही 'क्लिनिकल कागदपत्रांवर डिजिटल सही वापरायला' संमती दिली आहे. खरंच होतं ते तिथे. वकिलांनी सांगितलं की अशा ओळीने न तपासलेल्या मुलाचा रिपोर्ट खरा होत नाही. पण लोकांसमोर सही तर माझीच होती.

पालकांना हे कळकळीने सांगायचंय. सगळे म्हणतात आरसीआयचा नंबर तपासा. तपासाच, १९९२ च्या आरसीआय कायद्याप्रमाणे या कामाला नोंदणी लागते, नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आरसीआयच्या साइटवर नंबर टाकला की नाव येतं. पण या केसमध्ये नंबर खराच होता! म्हणून स्क्रीनवर जो माणूस दिसतोय त्यालाच विचारा, तुमचा स्वतःचा नंबर सांगा, आणि आलेलं नाव त्याच्या नावाशी जुळतंय का बघा. कॅटेगरीही बघा, स्पेशल एज्युकेटरलाही आरसीआयचा नंबर असतो पण ते काम वेगळं. रिपोर्टवर जिची सही आहे तिने तुमच्या मुलाला किती वाजता, किती वेळ बघितलं ते विचारा. कानाच्या टेस्टचा कागद न मागता कोणी पॅकेज विकत असेल तर पैसे भरू नका. आणि सगळ्या सेशनचे पैसे एकदम तर कुणालाच देऊ नका, मलासुद्धा नाही, महिन्याचे द्या. त्या ताईंना फोनवर ओटीपी विचारून ईएमआय बसवलेला, त्यांना वाटलं हप्ते कंपनीचे आहेत, ते निघालं एका फायनान्सचं कर्ज. थेरपी बंद केली तरी हप्ता कापला जातोय.

आणि मुलींनो, सहीचा स्कॅन देऊ नका, कोणी कितीही गोड बोललं तरी. पाच पाच वर्षांनी आपण सीआरईचे (पदवीनंतरच्या प्रशिक्षणांचे) पॉइंट जमवून नोंदणी रिन्यू करतो, तक्रार सिद्ध झाली तर रजिस्टरमधून नाव जाऊ शकतं, आणि कंपनी तेव्हा दुसऱ्या मुलीची सही वापरत असेल. मी आता प्रत्येक रिपोर्टची प्रिंट काढते, मुलाचं नाव आणि तारीख हाताने लिहून त्यावरूनच सही करते आणि मग फोटो पाठवते. वेळ जातो, जाऊ दे.

मी सायबर सेलला अर्ज दिला, आरसीआयला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. ताईंनी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, तर त्यांना १८ हजार परत मिळाले. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं चाललंय, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही. कंपनीने साइटवरून माझा फोटो काढला. माझे ४७ हजार अजून आलेले नाहीत आणि बहुतेक येणारही नाहीत.

त्या ९ घरांना मी स्वतः फोन करतीये. काही जण आधी चिडतात, चिडू देत. ७ जणांशी बोलून झालं, उदगीरसकट, त्यातल्या तिघांनी कान तपासून घेतले. एकाचे बाबा म्हणाले रविवारी करा. एकाचा नंबर बंद येतोय. त्याच्या रिपोर्टवर वय ६ वर्षं लिहिलंय, गाव जालना, आणि खाली तीच ओळ, श्रवणक्षमता सामान्य.