हिशेबासाठी टीव्हीचा मॉनिटर: कडा कापल्या जाण्यावरचा खरा उपाय

दिवाळीत घेतलेला ४३ इंची फुल एचडी टीव्ही मी तेव्हापासून रोज मॉनिटर म्हणून वापरते. ओझर-पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांचे हिशेब सिडकोतल्या घरी बसून एक्सेलमध्ये भरते. एवढ्या पडद्यावर सगळे रकाने एका नजरेत येतात, ही फार मोठी सोय.

पण एचडीएमआय केबल लावल्याबरोबर चारही कडा कापल्या गेल्या. टास्कबार अर्धाच, घड्याळ गायब, खिडकी बंद करायच्या फुलीचं नुसतं टोक दिसायचं. हा ओव्हरस्कॅन. पिक्चर ट्यूबच्या काळात कडा वाकड्या यायच्या, व्होल्टेज पडलं की चित्र आक्रसायचं, म्हणून ते मुद्दाम मोठं करून कडा चौकटीआड ढकलत. सपाट पॅनेलला याची गरज नाही, तरी खोड राहून गेली.

टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने ग्राफिक्सच्या सेटिंगमधला स्केलिंगचा स्लायडर ओढून चित्र आत आणलं. कडा दिसल्या, पण आकडे असे पुसट झाले की 6 ची वरची फट भरून तो 8 वाटायचा. हिशेबात हे कसं चालेल? टीव्ही ५ टक्के कापत असेल, तर १९२०×१०८० चा डेस्कटॉप कॉम्प्युटर आधी १८२४×१०२६ मध्ये दाबतो आणि टीव्ही तोच पुन्हा ताणतो. दोनदा ओढाताण झाल्यावर अक्षर धारदार राहत नाही.

म्हणून उपाय टीव्हीतच करायचा. रिमोटवरून पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट रेशो उघडा. तिथे कुठे ‘जस्ट स्कॅन’, कुठे ‘स्क्रीन फिट’, कुठे ‘डॉट बाय डॉट’ असं नाव असतं. ते निवडा आणि कॉम्प्युटरचा स्लायडर शून्यावर आणा. बऱ्याच टीव्हींत इनपुटला ‘पीसी’ नाव दिलं तरी काम होतं. माझ्याकडे त्याने अक्षरांभोवतीची पांढरी झालरही गेली. मात्र हे सेटिंग माझ्या टीव्हीत त्या-त्या पोर्टापुरतं राहतं. सासूबाईंच्या सेट-टॉप बॉक्ससाठी केबलींची अदलाबदल केली, तेव्हा सगळं पुन्हा करावं लागलं.

नवीन घेणाऱ्यांनी ३२ इंची ‘एचडी रेडी’ शक्यतो टाळावा. त्यातलं पॅनेल बहुधा १३६६×७६८ चं असतं आणि कॉम्प्युटरला ते रिझोल्यूशन नेमकं मिळेलच असं नाही, मग कडा दिसूनही अक्षर मऊच राहतं. एमजी रोडला जाताना लॅपटॉप आणि केबल सोबत न्या, दुकानातच एक्सेल उघडून कोपरे बघा, मगच पैसे द्या.