अर्धवट हेराल्ड विकायची होती, हातखंब्याच्या गॅरेजवाल्यांनी मार्गी लावली

बाबांची 1964 ची ट्रायम्फ हेराल्ड 1200 कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणारी गाडी. मालगुंडच्या मांगरात ताडपत्रीखाली अकरा वर्षं उभी होती, बाबांनी अर्धी खोलली आणि मग ते गेले. मला काही जमणार नव्हतं, पण भंगारात घालवायची नाही, जो पुरी करेल त्यालाच द्यायची हे पक्कं होतं.

आधी ऑनलाइन टाकून बघितली, दोन महिने नुसतं "लास्ट किती" आणि "चालू आहे का". एक जण म्हणाला मारुतीचं इंजिन बसवून वरातीला भाड्याने लावतो. त्या रात्री झोप नाही लागली मला. मग ऑफिसातल्या मित्राने हातखंबा तिठ्याजवळच्या ह्या गॅरेजचं सांगितलं, जुन्या गाड्या दुरुस्त पण करतात आणि विकून पण देतात, कमिशन पाच टक्के आणि तेही गाडी गेल्यावरच.

मालक स्वतः आले आणि आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली आडवे झाले. हेराल्डची बॉडी वेगळ्या चासीवर नटबोल्टने बसवलेली असते त्यामुळे खोलायला सोपी, पण चासीला बाजूने जे हात असतात, ज्यावर बॉडी टेकते, ते आपल्या खाऱ्या वाऱ्यात पोखरून जातात. डावीकडे टोचला तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि तांबूस पोपडे भराभर खाली पडले. मी म्हटलं रंगाचा हात मारू का, तर म्हणाले, "नको साहेब, ह्याचाच फोटो पहिला टाकायचा. गंज लपवलात तर गिऱ्हाईक उद्या भांडायला येणार."

मग कमिशन प्लेट, म्हणजे गाडीचा नंबर असलेली कंपनीची पट्टी, पुसून मला दाखवली, नंबर जीएने सुरू आणि शेवटी सीव्ही, म्हणजे कंपनीतूनच कन्व्हर्टिबल निघालेली. साध्या हेराल्डचा टप पण बोल्टवरच असतो, तो काढून लोक कन्व्हर्टिबल म्हणून खपवतात, म्हणून जाणकार माणूस ही दोन अक्षरं आधी बघतो. इतकी वर्षं गाडी घरात आणि मला हे माहीतच नव्हतं!

त्यांच्या पोराने दोन दिवस बसून सगळे सुटे पार्ट आंब्याच्या पेट्यांत लावले, प्रत्येक पेटीवर मार्करने नाव. काय नाही तेही लिहिलं: हूडची म्हणजे कापडी टपाची फ्रेम आहे, कापड नाही. इंजिन 1147 सीसीचं, ओरिजनल, खोललेलं.

कागदांच्या बाबतीत एकदम कडक. आरसी बाबांच्या नावावर होती, तर आधी फॉर्म 31 भरून माझ्या नावावर करायला लावली, मग विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. मला वाटलेलं उगाच वेळ काढतायत, पण कोल्हापूरच्या ज्या काकांनी घेतली त्यांनी पहिलं हेच विचारलं. त्यांना विंटेज म्हणून नोंद करायचीय, 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरची गाडी लागते आणि चासी, बॉडी, इंजिनात फेरफार चालत नाही. ते मारुतीचं इंजिन बसलं असतं तर संपलंच होतं सगळं.

किंमत गॅरेजवाल्यांनी माझ्यापेक्षा बरीच कमी सांगितली होती, तेव्हा राग आला होता, पण त्याच किमतीला तीन आठवड्यांत गेली.

तक्रार एकच. त्यांनी ठरवून दिलेला फ्लॅटबेड ट्रकवाला एक दिवस उशिरा आला, फोन उचलेना, काका आंबा घाट उतरून येऊन दिवसभर आमच्या पडवीत बसून. म्हणून अर्धा स्टार कमी, साडेचार. बाकी जाम झालेली चाकं फरफटत न ओढता ब्रेकचे ड्रम खोलून, मोकळी करून मग गाडी वर चढवली, हे मी उभं राहून बघितलं.

एक पेटी मांगरात राहिलीय, दाराच्या रबरांची. ती गुरुवारी एसटी पार्सलने कोल्हापूरला पाठवतोय.