गेल यांचे जोखीम-गणक : ज्यात आत्याला जागा नाही

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने आपल्या संकेतस्थळावर स्तनकर्करोगाच्या जोखमीचे एक गणक विनामूल्य ठेवले असून, त्याचा पाया संख्याशास्त्रज्ञ मिचेल गेल यांनी १९८९ साली मांडलेले प्रारूप हा आहे. वय, वंशगट, पहिली पाळी आणि पहिले बाळंतपण कोणत्या वयात आले, स्तनाची बायोप्सी झाली आहे का, आणि आई, बहीण व मुलगी यांच्यापैकी किती जणींना हा आजार झाला, एवढेच त्यात मुख्यतः विचारले जाते. त्यावरून ३५ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला पुढील ५ वर्षांतील आणि ९० व्या वर्षापर्यंतची जोखीम टक्क्यांत मिळते, आणि शेजारी तिच्याच वयाच्या सर्वसाधारण स्त्रीचा आकडा दिलेला असतो. ही तुलना शेजारीच देणे मला फार शहाणपणाचे वाटले, कारण सुटा आकडा वाचून माणूस एकतर घाबरतो किंवा गाफील राहतो.

माझा आक्षेप नात्यांच्या प्रश्नावर आहे. मराठीत आत्या आणि मावशी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत व कोण कोणत्या बाजूची हे शब्दातच कळते. या गणकात मात्र दोघींपैकी एकीचीही नोंद होत नाही. ज्यांतील दोषामुळे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाची जोखीम खूप वाढते, त्यांपैकी बीआरसीए-१ हे जनुक १७ व्या आणि बीआरसीए-२ हे १३ व्या, म्हणजे लिंग न ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे त्यांतील दोष आईइतक्याच शक्यतेने वडिलांकडूनही मुलीकडे येतो, आणि वडील स्वतः बहुधा ठणठणीत असतात. समजा, एखादीच्या आत्याला ३८ व्या वर्षी स्तनाचा आणि वडिलांच्या आईला अंडाशयाचा कर्करोग झाला, तरी हे गणक तिच्या घराण्याचा इतिहास शून्यच धरेल. आईला आजार ३२ व्या वर्षी झाला की ७५ व्या, हेही ते विचारत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांची ८० व्या वर्षापर्यंतची स्तनकर्करोगाची जोखीम सुमारे ७२ टक्के आढळली, हे लक्षात घेतले की ही उणीव किरकोळ राहत नाही. असा दोष आधीच माहीत असेल, तर हे गणक आपल्यासाठी नाही, असे संस्था स्वतःच स्पष्ट सांगते; पण तपासणीच न झालेल्या स्त्रीला ते कळावे कसे?

प्रारूपावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, की समूहासाठी त्याचा हिशेब चांगला जुळतो. २००१ साली ८२,१०९ अमेरिकी परिचारिकांच्या माहितीवर ते पडताळले, तेव्हा अपेक्षित आणि प्रत्यक्ष रुग्णांचे गुणोत्तर ०.९४ आले, म्हणजे प्रत्यक्ष १०० रुग्णांमागे त्याने ९४ वर्तवले होते. मात्र आजार झालेली एक आणि न झालेली एक अशा जोडीत पहिलीला अधिक जोखीम देण्याचे काम त्याला शंभरात ५८ वेळाच जमले, आणि नाणे उडवले तरी ५० वेळा जमतेच. किती स्त्रियांना आजार होईल हे सांगणे आणि कोणाला होईल हे सांगणे, यांतले हे अंतर आहे.

अमेरिकेतील मराठी वाचकांसाठी आणखी एक सावधगिरी. गेल यांचे मूळ आकडे गोऱ्या स्त्रियांच्या माहितीवरून आले होते. २०११ साली आशियाई वंशाच्या स्त्रियांसाठी भर घातली गेली, पण तो अभ्यास चिनी, जपानी व फिलिपिनो स्त्रियांचा होता. भारतीय स्त्री ‘इतर आशियाई’ या रकान्यात जाते, म्हणजे तिच्या हाती येणारा आकडा उसना असतो.

ज्यांच्या घराण्यात कमी वयातला स्तनाचा किंवा कोणत्याही वयातला अंडाशयाचा कर्करोग आहे, त्यांनी जनुकीय समुपदेशकाकडे जाऊन केंब्रिज विद्यापीठाच्या ‘कॅनरिस्क’ या साधनाविषयी विचारावे, असे मी सुचवीन. त्यात दोन्ही बाजूंची संपूर्ण वंशावळ, प्रत्येकीचे आजाराचे वय आणि जनुकांच्या चाचण्यांचे निकाल भरता येतात. ते डॉक्टर व समुपदेशकांसाठी केलेले असल्यामुळे काम वेळखाऊ आहे, आणि जाण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन-चार फोन करावे लागतात. आमच्याकडे तर ‘पोटाच्या आजाराने’ गेलेल्या आजीला नेमके काय झाले होते, हे आत्यालाच विचारावे लागले.