कान्हेरी लेणी: ३ नंबर बघून लगेच परत फिरू नका

पाऊस थोडा थांबला तसे रविवारी आम्ही चौघं कल्याणहून गेलो. बोरिवली ईस्टला नॅशनल पार्कचं गेट, तिथं एक तिकीट आणि लेण्यांपाशी दुसरं, हे लक्षात ठेवा, आणि सोमवारी बंद असतं. गेटपासून लेणी ६-७ किलोमीटर आत, चालत जायचा हट्ट करू नका, पाय वरच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवा.

गर्दी सगळी ३ नंबरला. चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं प्रार्थनेचं दालन, आहेच तसं, सातवाहनांच्या काळातलं, व्हरांड्यात दोन्ही टोकांना जवळजवळ ७ मीटर उंच बुद्ध उभे. आत बघा, काही खांबांवर हत्ती, माणसं अशी मस्त नक्षी आणि बाकीचे नुसते साधे. पण पब्लिक तिथं सेल्फी काढतं, काकडी खातं आणि खाली उतरतं. अरे वर शंभरच्या आसपास लेणी आहेत!

मला तर खरं वेड लावलं पाण्याने. जवळपास प्रत्येक लेण्याला स्वतःची पोढी, म्हणजे दगडात खोदलेली टाकी, आणि कातळावर बोटभर-वीतभर रुंदीचे पाट काढलेत, वरून येणारं पाणी बरोब्बर त्यातून टाकीत पडतं, आम्ही गेलो तेव्हाही पडत होतं, आमचा धाकटा अर्धा तास तिथंच कागदाच्या होड्या सोडत बसला. आमच्या सोसायटीत टँकर येतो, असो.

आत भिक्खूंचे झोपायचे दगडी ओटे आहेत, टेकलो, भर दुपारी गार. ४१ नंबरला अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे तो शोधाच. ९० नंबरला पारशी येऊन पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, नावं कोरून गेलेत, इ.स. १००९ आणि १०२१ ची. आणि ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये सोपारा, नाशिकसोबत चक्क कल्याणचे व्यापारी! हे कळल्यावर सासऱ्यांची कॉलर जी ताठ झाली ती घरी येईपर्यंत.

माकडांपासून सांभाळून, आमचं वेफर्सचं पाकीट हातातून गेलं. चपला ग्रिपवाल्या घाला, कातळ शेवाळलेला असतो. पाणी खालूनच भरून न्या, दोन हजार वर्षांपूर्वीची सोय आता प्यायच्या कामाची नाही.

५ पैकी साडेचार, अर्धा माकडांनी खाल्ला.