हरवलेली शेअर सर्टिफिकेटे: स्वतः अर्ज करावा की एजंटाला टक्केवारी द्यावी?

अमळनेरला 1945 मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली आणि तीच पुढे विप्रो झाली, हे खान्देशात सर्वांना ठाऊक आहे. त्या काळी घेतलेले शेअर अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. 1997 पूर्वीचा एकच शेअर धरला, तरी त्यानंतरचे सर्व बोनस (कंपनीने विनामूल्य दिलेले जादा शेअर) आणि 1999 मधील विभाजन (दहा रुपयांच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच) यांमुळे आज त्याचे 800 शेअर होतात. प्रत्येक बोनसचा कागद वेगळा येत असे, त्यामुळे वाटण्या, घरांची डागडुजी आणि स्थलांतरे यांत एखादा तरी कागद गहाळ झालेला असणे स्वाभाविक आहे. कागद हरवल्याने मालकी जात नाही, कारण ती कंपनीच्या सभासद नोंदवहीत असते. म्हणून सर्वप्रथम कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे तिच्या वतीने शेअरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे (विप्रोच्या बाबतीत केफिन टेक्नॉलॉजीज), फोलिओ क्रमांक (नोंदवहीतील धारकाच्या खात्याचा क्रमांक) किंवा धारकाचे नाव आणि जुना पत्ता देऊन लेखी चौकशी करावी, आणि त्याच पत्रात त्या सर्टिफिकेटांवरील व्यवहार थांबवण्याची विनंती करावी.

या चौकशीच्या उत्तराआधी कोणताही खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नसेल, तर कायद्यानुसार ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी प्राधिकरणाकडे, म्हणजे आयईपीएफकडे, वर्ग होतात. तसे झाले असेल तर दुय्यम सर्टिफिकेटासाठी, म्हणजे हरवलेल्याच्या बदली मिळणाऱ्या सर्टिफिकेटासाठी, अर्ज करण्यात अर्थ उरत नाही. त्या वेळी कंपनीकडून हक्कदारीचे पत्र घेऊन आयईपीएफ-5 हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. या अर्जाला सरकारी शुल्क नाही, मात्र कंपनीची पडताळणी आणि त्यानंतर प्राधिकरणाची मंजुरी असे दोन टप्पे असल्याने वेळ जास्त लागतो. आयईपीएफकडून शेअर सोडवून देतो असे सांगून मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्यापासून दूर राहावे.

शेअर फोलिओतच असतील, तर खर्च मुख्यतः त्यांच्या बाजारमूल्यावर ठरतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने मे 2022 मध्ये या कामाचे नमुने एकसारखे केले, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या शेअरांसाठी पोलिसांतील तक्रार व वृत्तपत्रातील जाहिरात या दोन्ही अटी काढून टाकल्या. डिसेंबर 2025 मध्ये ही मर्यादा 10 लाखांपर्यंत वाढवण्यात आली. मूल्य अर्ज दाखल करण्याच्या आदल्या दिवशीच्या बंद भावाने मोजले जाते, त्यामुळे मर्यादेच्या आसपास असलेल्या माणसाने अर्ज कोणत्या दिवशी द्यायचा याचा विचार जरूर करावा. मर्यादेखाली असाल तर शपथपत्र आणि इंडेम्निटी बाँड (पुढे नुकसान झाल्यास ते भरून देण्याची लेखी हमी) एवढ्यावर भागते आणि जामीनदारही लागत नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून शंभर-दोनशे रुपयांच्या ठरावीक मुद्रांक शुल्काच्या जागी 500 रुपये लागतात, त्यात नोटरीचे शुल्क मिळवावे. दुय्यम सर्टिफिकेटासाठी कंपनीला प्रत्येकी 50 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. मर्यादेच्या वर मात्र प्रथम खबर अहवाल किंवा पोलीस तक्रार, ज्यात फोलिओ, सर्टिफिकेट आणि शेअरांचे अनुक्रमांक नोंदलेले असावेत, आणि मोठ्या खपाच्या वृत्तपत्रातील जाहिरात यांची भर पडते. सर्वात मोठा रोख खर्च जाहिरातीचाच असतो आणि तो वृत्तपत्राच्या आवृत्तीनुसार बदलतो. कोणते वृत्तपत्र चालेल हे रजिस्ट्रारला आधी लेखी विचारले, तर जाहिरात दोनदा द्यावी लागत नाही.

कागदपत्रांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे केवायसी, अर्थात धारकाची ओळख, पत्ता व बँक खाते यांची नोंद. आयएसआर-1 आणि बँक अधिकाऱ्याने सही तपासून दिलेला आयएसआर-2 हे नमुने फोलिओला जोडलेले नसतील, तर दुय्यम सर्टिफिकेटासाठीचा आयएसआर-4 अर्ज अडकतो. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून अशा फोलिओचा लाभांशही खात्यात जमा होत नाही. डीमॅट खाते (शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याचे खाते) आधी उघडून ठेवावे, कारण जानेवारी 2022 पासून दुय्यम शेअर फक्त डीमॅट स्वरूपातच मिळतात. मूलभूत सेवा डीमॅट खात्यावर 4 लाखांपर्यंतच्या धारणेला वार्षिक शुल्क नाही आणि 4 ते 10 लाखांपर्यंत ते 100 रुपये आहे.

आता एजंट आणि स्वतःचा प्रयत्न यांची तुलना करू. एजंट टक्केवारी मागतो, म्हणजे शेअरांचे मूल्य वाढेल तसा त्याचा मोबदला वाढतो, काम मात्र तेवढेच राहते. समजा 12 लाखांच्या शेअरांवर दहा टक्के ठरले, तर 1,20,000 रुपये जातात. तेच काम स्वतः केल्यास मुद्रांक, नोटरी, कंपनीचे शुल्क, जाहिरात आणि टपाल यांचाच खर्च येतो. 10 लाखांच्या आतील धारणेत तर जाहिरात आणि पोलीस ठाण्याची फेरीही नसते, त्यामुळे एजंटाकडे देण्यासारखे फारसे काही उरत नाही. धारक हयात आहे, त्याची सही जुळते आणि पॅन व बँक खात्यावरील नाव फोलिओतील नावाशी सारखे आहे, अशा कुटुंबाने हे काम स्वतःच करावे. कागदपत्रे पूर्ण असल्यास शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने 30 दिवसांत काम करायचे असते. बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला तीन महिन्यांची मुदत आहे.

धारक दिवंगत असेल आणि नामनिर्देशन नसेल, तेव्हा चित्र बदलते. 2022 च्या नियमांप्रमाणे कागदी शेअर एका कंपनीत 5 लाखांपर्यंत असतील, तर वारसांची ना-हरकत, शपथपत्र आणि इंडेम्निटी बाँड यांवर काम होते. त्याहून जास्त मूल्याला सर्वसाधारणपणे उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाने दिलेली मान्यता) किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. मयताचे वास्तव्य अमळनेरला असेल तर अर्ज तेथील दिवाणी न्यायालयातच येतो, आणि बहिणी, चुलते, सूरत-पुण्याला गेलेली भावंडे या सर्वांच्या सह्या जमवणे हेच खरे परिश्रमाचे काम असते. येथे मी एजंटापेक्षा स्थानिक वकील पसंत करीन, कारण तो ठरावीक शुल्क सांगतो आणि न्यायालयातील कामाला त्याचीच गरज असते. त्याला नेमायचे ठरले तर शुल्क लेखी ठरवावे, कोरे सही केलेले नमुने देऊ नयेत, डीमॅट खात्याचे पासवर्ड स्वतःकडेच ठेवावेत, आणि रजिस्ट्रारशी होणारा पत्रव्यवहार थेट आपल्या पत्त्यावर व ईमेलवर येईल अशी नोंद करून घ्यावी.